एकच व्हेग्रंटफाईल, होस्ट मात्र विंडोज, मॅक आणि उबुंटू: व्हीएमचा सेटअप सगळीकडे एका कमांडने कसा चालवावा?

सोलापुरी_शेल

आमच्या टीममध्ये तीन जातींचे लॅपटॉप आहेत: विंडोज ११ (काही होम, काही प्रो), उबुंटू २४.०४ आणि मॅक. मॅकमध्येही एक जुना इंटेलचा, बाकीचे एम२ (अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरचे). सगळ्यांना एकसारखं व्हीएम (लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी संगणक) हवं आहे. आत उबुंटू २४.०४, पोस्टग्रेस १६, रेडिस, एन्जिनएक्स आणि आमच्या दोन सिस्टमडी सर्व्हिसेस. फायरवॉलचे नियम आणि कर्नलची काही सेटिंग्ज तपासायची असतात, त्यामुळे नुसत्या डॉकर कंटेनरवर भागत नाही.

सध्या रेपोत एक व्हेग्रंटफाईल आहे, म्हणजे व्हीएम कसं उभं करायचं हे व्हेग्रंट या साधनाला सांगणारी फाईल. प्रोव्हायडर, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणारं सॉफ्टवेअर, व्हर्च्युअलबॉक्स. आतली पॅकेजेस आणि सेटिंग्ज बसवण्याचं काम अ‍ॅन्सिबलने होतं आणि अ‍ॅन्सिबल गेस्टमध्येच चालतं, कारण विंडोज होस्टवर ते थेट चालत नाही (होस्ट म्हणजे लॅपटॉप, गेस्ट म्हणजे त्याच्या आतलं व्हीएम). नव्या माणसाने रेपो क्लोन करावा, 'व्हेग्रंट अप' म्हणावं आणि व्हीएम तयार व्हावं, एवढीच अपेक्षा. प्रत्यक्षात हे अडतंय:

१. काही विंडोज लॅपटॉपवर व्हीएम सुरू होतं, पण भयंकर हळू. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसतं. कधीकधी बूट व्हायच्या आत व्हेग्रंट टाइमआउट देतं.
२. उबुंटू होस्टवर १९२.१६८.३३.१० हा आयपी नाकारला जातो. विंडोजवर तोच बिनतक्रार चालतो.
३. एम२ वर बॉक्स (व्हीएमची तयार प्रत) चालतच नाही.
४. विंडोजवर क्लोन केलेल्या रेपोतली एक शेल स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणत मरते. बॅशच्या नावापुढे ^एम चिकटलेलं दिसतं.
५. अ‍ॅन्सिबल म्हणतं की ही डिरेक्टरी कुणालाही लिहिण्यासाठी खुली आहे, म्हणून इथली अ‍ॅन्सिबल.सीएफजी वाचणार नाही.

हे सगळं एका फाईलमध्ये बसवता येईल का? की मल्टिपाससारख्या, उबुंटूची व्हीएम उभी करणाऱ्या दुसऱ्या साधनाकडे वळावं?

कर्नलकाका

एक फाईल ठेवता येते. पण सगळ्या होस्टवर हायपरव्हायजरही (व्हीएम चालवणारा थर) एकच असावा हा हट्ट धरू नका, बराचसा त्रास त्यातून येतो. एकसारखं असायला हवं ते गेस्टच्या आतलं: उबुंटूची आवृत्ती, पॅकेजेस, सर्व्हिसेस. होस्टकडचा थर जितका पातळ ठेवाल तितकं कमी मोडेल.

आधी एम२, कारण तिथे एखादं सेटिंग बदलून प्रश्न सुटत नाही. एम मालिकेतले प्रोसेसर आर्म आहेत. व्हर्च्युअलायझेशनमध्ये गेस्टच्या सूचना थेट होस्टच्या प्रोसेसरवर चालतात, म्हणून आर्म होस्टवर आर्मचाच गेस्ट चालणार. एक्स८६ चा (इंटेल-एएमडी घराण्याचा) बॉक्स तिथे चालवायचा तर इम्युलेशन लागतं. क्यूएमू ते करतो, पण रोजच्या कामाला तो वेग पुरत नाही. तेव्हा मॅकवर आर्म६४ चा उबुंटू घ्या. तुमच्या यादीतली तिन्ही पॅकेजेस त्याच नावाने आणि त्याच आवृत्तीत मिळतात.

व्हर्च्युअलबॉक्स ७.१ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, एम मालिकेच्या मॅकवर आर्म गेस्ट अधिकृतपणे चालतात. मात्र व्हेग्रंट आपल्याला माहीत नसलेली व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती सरळ नाकारतं. व्हेग्रंट २.४.१ ला ७.१ ओळखता येत नाही. म्हणून व्हेग्रंटफाईलच्या पहिल्याच ओळीत किमान आवृत्तीची अट घाला. जुनं व्हेग्रंट असलेल्याला मग मध्येच कुठेतरी अनाकलनीय एरर येण्याऐवजी सुरुवातीलाच 'आवृत्ती जुनी आहे' असं कळेल.

बॉक्सबद्दल: व्हेग्रंट २.४.० पासून एकाच नावाखाली वेगवेगळ्या आर्किटेक्चरच्या प्रती ठेवता येतात आणि होस्टला जुळेल ती आपोआप उतरते. म्हणजे फाईलमध्ये 'मॅक असेल तर हा बॉक्स, नाहीतर तो' असलं काही लिहावं लागत नाही. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने २४.०४ साठी अधिकृत व्हेग्रंट बॉक्स काढलेले नाहीत, व्हेग्रंट बनवणाऱ्या हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये लायसन्स बदलल्यावर ते बंद झालं. बेंटो या प्रकल्पाचा उबुंटू-२४.०४ बॉक्स घ्या. त्याच्या पानावर तुमचा प्रोव्हायडर आणि दोन्ही आर्किटेक्चर ज्या आवृत्तीत आहेत ती शोधून फाईलमध्ये पक्की करा. आवृत्ती मोकळी सोडली तर मार्चमध्ये आलेल्या माणसाचं व्हीएम आणि जुलैमध्ये आलेल्याचं व्हीएम वेगळं निघतं, आणि मग 'माझ्याकडे तर चालतं' सुरू होतं.

इथे एक खड्डा आहे. मॅकवर व्हेग्रंटचं इंटेलसाठीचं पॅकेज टाकलेलं असेल तर ते रोझेटावर (इंटेलचे प्रोग्रॅम आर्म मॅकवर चालवणारा अनुवादक) निमूट चालतं, आणि त्यातली रुबी 'होस्ट एक्स८६ आहे' असं सांगते. व्हेग्रंटफाईलमधल्या आर्किटेक्चरवर बेतलेल्या अटी त्यामुळे उलट्या पडतात. आर्मचंच पॅकेज टाकलं आहे ना, एवढं रीडमीमध्ये ठळक लिहा.

आणि तुमच्या स्क्रिप्टांमध्ये कुठे बाहेरून बायनरी डाउनलोड होत असेल तर तिथे आर्किटेक्चर ठोकून लिहिलेलं असणार, ते शोधा. डेबियन घराण्यात 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' ही कमांड एएमडी६४ किंवा आर्म६४ असं उत्तर देते. 'यूनेम -एम' मात्र लिनक्सवर एक्स८६_६४ किंवा एआर्च६४ सांगते, आणि मॅकवर तीच कमांड आर्म६४ म्हणते. डाउनलोडच्या लिंकांमध्ये यातली कोणतीही पद्धत असू शकते, तेव्हा सुरुवातीलाच एका व्हेरिएबलमध्ये ठरवून घ्या. अ‍ॅप्टचा मिरर बदलत असाल तर तेही पाहा: आर्म६४ ची पॅकेजेस आर्काइव्ह नव्हे, पोर्ट्स या सर्व्हरवरून येतात. शिवाय २४.०४ मध्ये सोर्सेसची यादी जुन्या सोर्सेस.लिस्टमध्ये नसून सोर्सेस.लिस्ट.डी खालच्या उबुंटू.सोर्सेस फाईलमध्ये आहे. जुना सेड कमांड तिथे काहीच बदलत नाही आणि एररही देत नाही.

एखादी गोष्ट फक्त एक्स८६ मध्येच मिळत असेल, म्हणजे कुणाचं तरी बंद सोर्सचं टूल, तर मॅकओएस १३ पासून लिनक्स गेस्टमध्ये रोझेटा वापरता येतं. कर्नल आर्मचाच राहतो आणि फक्त त्या प्रोग्रॅमचं भाषांतर होतं. लिमा या व्हीएम चालवणाऱ्या साधनामध्ये त्यासाठी पर्याय आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तो नाही.

निळी_खिडकी

कासवाचं सांगतो.

ते चिन्ह म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही सुविधा थेट मिळालेली नाही. ती आधीच विंडोजच्या हायपरव्हायजरने घेतली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याच्यावर बसून काम करतंय. हायपर-व्ही मुद्दाम चालू केलेलं नसलं तरी हे होतं, आणि नेमका तिथेच लोकांचा गोंधळ उडतो. डब्ल्यूएसएल-२ ला (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय) 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' लागतं, डॉकर डेस्कटॉप बहुधा डब्ल्यूएसएल-२ वर चालतं, आणि हे दोन्ही नसलं तरी विंडोज सिक्युरिटीतलं 'कोअर आयसोलेशन' खालचं 'मेमरी इंटेग्रिटी' हायपरव्हायजर चालू ठेवतं. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर ते बरेचदा कारखान्यातूनच चालू असतं. खात्रीसाठी 'एमएसइन्फो३२' उघडा. अगदी शेवटच्या ओळीत 'हायपरव्हायजर सापडला आहे' अशा अर्थाचं वाक्य असेल तर कासव येणारच.

नेटवर सगळीकडे मिळणारा उपाय म्हणजे बीसीडीएडिटने हायपरव्हायजर लाँच टाइप 'ऑफ' करून रीस्टार्ट करणं. तो लागू पडतो, पण त्याच क्षणी डब्ल्यूएसएल-२ आणि डॉकर डेस्कटॉप बंद पडतात. मेमरी इंटेग्रिटी बंद करणं म्हणजे सुरक्षेचा एक थर काढणं, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर ते करायला बहुधा धोरणानेच मनाई असते. ज्यांना डब्ल्यूएसएल लागत नाही आणि लॅपटॉप स्वतःचा आहे त्यांनीच हे करावं. प्रोव्हिजनिंग (व्हीएमचा सेटअप करणाऱ्या) स्क्रिप्टने हे गुपचूप करणं तर मुळीच नको.

मग पर्याय काय? प्रो आवृत्ती असेल तर व्हेग्रंटचा हायपर-व्ही प्रोव्हायडर आहे, पण त्याच्या तीन अटी आधी वाचा. कमांड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमधूनच चालवावी लागते. व्हेग्रंट तिथे नेटवर्क स्वतः बसवत नाही, फाईलमध्ये लिहिलेला स्थिर आयपी दुर्लक्षला जातो आणि 'डिफॉल्ट स्विच'चा पत्ता होस्ट रीस्टार्ट केल्यावर बदलू शकतो. शेअर केलेला फोल्डर एसएमबीने जोडला जातो आणि त्यासाठी विंडोजचा पासवर्ड विचारला जातो. 'एका कमांडने' हे वचन तिथेच मोडतं.

माझं मत व्हीएमवेअरच्या बाजूने आहे. वर्कस्टेशन प्रो आणि फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरासाठीही मोफत आहेत, फक्त व्हीएमवेअरची मालक असलेल्या ब्रॉडकॉमच्या साइटवर नोंदणी करून उतरवावं लागतं. वर्कस्टेशन १५.५.५ पासून विंडोजच्या हायपरव्हायजरसोबत नांदतं, त्यामुळे डब्ल्यूएसएल बंद करावं लागत नाही. थोडा वेग त्यातही जातो, पण काम अडत नाही. आणि विंडोजवर वर्कस्टेशन, मॅकवर फ्यूजन असलं तरी व्हेग्रंटच्या दृष्टीने प्रोव्हायडर एकच, 'व्हीएमवेअर_डेस्कटॉप'. त्यासाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या टाकाव्या लागतात: त्याच नावाचा प्लगइन, आणि होस्टवर सर्व्हिस म्हणून चालणारी 'व्हेग्रंट व्हीएमवेअर युटिलिटी'. लोक प्लगइन टाकतात आणि युटिलिटी विसरतात, मग कनेक्शन नाकारल्याची एरर येते.

व्हेग्रंटफाईलमध्ये दोन्ही प्रोव्हायडरचे ब्लॉक ठेवा, दोन्हींत मेमरी २०४८ एमबी आणि सीपीयू २. ८ जीबीच्या लॅपटॉपवर याहून जास्त दिलं तर होस्टच स्वॅपमध्ये जातो. कुणी कोणता वापरायचा ते 'व्हेग्रंट_डिफॉल्ट_प्रोव्हायडर' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने ठरवा. एका प्रोव्हायडरवर बनलेलं व्हीएम नष्ट केल्याशिवाय त्याच फोल्डरात दुसऱ्यावर उभं करता येत नाही, हेही सांगून ठेवा.

बूटचा टाइमआउट मुळात ३०० सेकंद असतो. तो ९०० केला तर कासव असतानाही व्हीएम वर येईल. तात्पुरतं ठीक, पण पुढचं प्रोव्हिजनिंगही त्याच गतीने रांगणार.

जाता जाता अजून एक. विंडोजवरचं युजरनेम देवनागरीत असेल तर व्हेग्रंटला होम फोल्डरचा पाथ पचत नाही आणि कॅरेक्टर एन्कोडिंगची एरर येते. आपल्याकडे लॅपटॉप सुरू करतानाच मराठीत नाव टाकणारे पुष्कळ आहेत. 'व्हेग्रंट_होम' हे व्हेरिएबल सी ड्राइव्हच्या मुळाशी एखाद्या साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरकडे वळवा. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमधलं मशीन फोल्डरही तसंच हलवा.

पॅकेटपुराण

दुसऱ्या क्रमांकाचं उत्तर सोपं आहे. व्हर्च्युअलबॉक्स ६.१.२८ पासून लिनक्स आणि मॅक होस्टवर होस्ट-ओन्ली नेटवर्कला (होस्ट आणि व्हीएम यांच्यापुरतं नेटवर्क) फक्त १९२.१६८.५६.०/२१ हा पट्टा मुभेत आहे, म्हणजे १९२.१६८.५६ पासून १९२.१६८.६३ पर्यंत. विंडोजला ही मर्यादा लावलेली नाही, म्हणून तुमचा ३३ चा पत्ता तिथे चालतो. '/ईटीसी/व्हीबॉक्स/नेटवर्क्स.कॉन्फ' या फाईलमध्ये तारका देऊन स्वतःचे पट्टे लिहिता येतात, पण ती होस्टवर रूट म्हणून बनवावी लागते. प्रत्येकाला ते करायला लावण्यापेक्षा व्हेग्रंटफाईलमध्ये आयपी १९२.१६८.५६.१० करा, विषय संपला.

खरं तर डेव्हलपमेंटच्या व्हीएमला स्वतंत्र आयपी लागतोच का, हे एकदा तपासा. पोर्ट फॉरवर्डिंगवर भागत असेल तर तिन्ही होस्टवर आणि दोन्ही प्रोव्हायडरवर तेच सर्वांत कमी त्रास देतं. फक्त पोर्ट नीट निवडा. पोस्टग्रेससाठी होस्टवर ५४३२ घेऊ नका, कुणाच्या तरी लॅपटॉपवर स्वतःचं पोस्टग्रेस असतंच. १५४३२ घ्या. ५००० आणि ७००० टाळा, मॅकओएस मॉन्टेरेपासून ते एअरप्ले रिसीव्हर धरून बसतो. विंडोजवर आणखी एक चमत्कार: पोर्ट कुणीही वापरत नसतो, तरी उघडत नाही. हायपर-व्ही आणि विननॅट (विंडोजची नेटवर्क सेवा) पोर्टांचे पट्टेच्या पट्टे राखून ठेवतात. 'नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी' ही कमांड ती यादी दाखवते.

'ऑटो करेक्ट' चालू ठेवायचा मोह होतो. पोर्ट अडला की व्हेग्रंट शेजारचा घेतं आणि पुढे जातं, पण तुमच्या एन्व्ह फाईलमध्ये जुनाच पोर्ट राहतो, आणि माणूस तासभर डेटाबेसचा पासवर्ड तपासत बसतो. अडलं तर स्पष्ट अडू द्या. आणि फॉरवर्ड करताना होस्ट आयपी १२७.०.०.१ लिहा. नाहीतर ऑफिसच्या वायफायवरच्या कुणालाही तुमचं पोस्टग्रेस दिसतं.

निळी_खिडकी

चौथा आणि पाचवा मुद्दा दोन्ही फाईल शेअरिंगचे आहेत.

^एम म्हणजे विंडोजच्या ओळीचा शेवट. विंडोजवरचं गिट चेकआउट करताना एलएफचं सीआरएलएफ करतं, आणि लिनक्स मग 'बॅश' शोधण्याऐवजी शेवटी अदृश्य अक्षर असलेलं नाव शोधतो. तुम्ही लिहिलंय की एकच स्क्रिप्ट मरते, बाकीच्या चालतात. त्याचं कारण असं: व्हेग्रंटच्या शेल प्रोव्हिजनरला थेट दिलेल्या स्क्रिप्टच्या ओळींचे शेवट व्हेग्रंट स्वतः दुरुस्त करतं. पण ती स्क्रिप्ट शेअर फोल्डरातली दुसरी स्क्रिप्ट बोलावत असेल तर त्या दुसरीला कुणी हात लावत नाही. मरते ती हीच दुसरी.

गिटचं सेटिंग प्रत्येकाला बदलायला सांगू नका, कुणीतरी विसरणारच. रेपोत .गिटअ‍ॅट्रिब्युट्स ठेवा: सगळ्यांसाठी टेक्स्ट=ऑटो, आणि .एसएच, .वायएमएल, .जे२ फाईलींसाठी ईओएल=एलएफ. त्यानंतर 'गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ .' चालवून कमिट करा. आधीच क्लोन केलेल्या फोल्डरातल्या फाईली मात्र आपोआप बदलत नाहीत. विंडोजवाल्यांनी नव्याने क्लोन करणं सर्वांत सोपं.

अ‍ॅन्सिबलची तक्रार रास्त आहे. विंडोज होस्टवरून व्हर्च्युअलबॉक्सने जोडलेल्या फोल्डरात प्रत्येक फाईल ०७७७ दिसते आणि सीएचमॉडने काही बदलत नाही, म्हणून अ‍ॅन्सिबल तिथली कॉन्फिग सुरक्षेपोटी वाचत नाही. दोन वाटा आहेत. सिंक फोल्डरच्या माउंट ऑप्शन्समध्ये डीमोड=७७५ आणि एफमोड=६६४ द्या. किंवा अ‍ॅन्सिबल-लोकल प्रोव्हिजनरच्या 'कॉन्फिग_फाईल' या पर्यायात पाथ स्पष्ट लिहा, म्हणजे तो नाव घेऊन मागितलेला असल्याने वाचला जातो. मी पहिली सुचवेन, कारण तिने व्हॉल्टचाही (पासवर्डसारखी गुपितं कुलूपबंद ठेवणारी सोय) घोळ मिटतो: व्हॉल्टच्या पासवर्डची फाईल एक्झिक्युटेबल दिसली की अ‍ॅन्सिबल तिला वाचण्याऐवजी चालवायला जातं आणि भलतीच एरर देतं. ६६४ केल्यावर शेअरमधल्या स्क्रिप्टांचाही एक्झिक्युट बिट जातो, तेव्हा त्या 'बॅश अमुक.एसएच' अशाच बोलवा. हे माउंट ऑप्शन्स व्हर्च्युअलबॉक्सचे आहेत, म्हणून ते त्याच्याच ब्लॉकमध्ये ठेवा. व्हीएमवेअरचा शेअर वेगळ्या पद्धतीने जोडला जातो.

अ‍ॅन्सिबल गेस्टमध्ये पिपने टाकत असाल तर २४.०४ वर तो 'एक्सटर्नली मॅनेज्ड' म्हणून नकार देईल. डिस्ट्रोचं पॅकेज घ्या किंवा व्हेनव्ह बनवा.

नोडचा प्रोजेक्ट असेल तर विंडोज होस्टवरच्या शेअर फोल्डरात एनपीएम इन्स्टॉल सिमलिंकवर अडतं. आणि होस्टवर फाईल सेव्ह केल्याची आयनोटिफाय सूचना व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअरमधून गेस्टला पोचत नाही. वॉचरला (फाईल बदलली का ते पाहणारा प्रोग्रॅम) पोलिंग मोड द्या, नाहीतर 'सेव्ह करतोय पण रीलोड होत नाही' ही तक्रार ठरलेली. नोड_मॉड्यूल्स शेवटी गेस्टच्याच डिस्कवर ठेवलेलं उत्तम.

सोलापुरी_शेल

फार उपयोग झाला. आयपी ५६ च्या पट्ट्यात नेला आणि .गिटअ‍ॅट्रिब्युट्स टाकली, दुसरा आणि चौथा मुद्दा मिटला. माउंट ऑप्शन्सनी पाचवाही.

आता उबुंटू होस्टवर नवं काहीतरी. अपडेटनंतर कर्नल ६.१४ आला आणि व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम सुरूच करत नाही, 'व्हीएमएक्स रूट मोड' असा उल्लेख असलेली एरर येते. दुसऱ्या एका उबुंटूवर व्हर्च्युअलबॉक्सचं कर्नल मॉड्यूलच लोड होत नाही, 'की रिजेक्टेड' म्हणतं. आणि मल्टिपासबद्दल कुणी बोललं नाही. होम आवृत्तीवर ते चालतं का?

कर्नलकाका

पहिली एरर केव्हीएममुळे, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या हायपरव्हायजरमुळे आहे. लिनक्स ६.१२ पासून केव्हीएमचं मॉड्यूल लोड होताच प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन ताब्यात घेतं. आधी ते पहिलं व्हीएम सुरू होईपर्यंत थांबायचं, म्हणून दोघं एका मशीनवर नांदायचे. २४.०४ च्या हार्डवेअर एनेबलमेंट कर्नलने ६.१४ आणला आणि हा बदल तुमच्यापर्यंत पोचला. कर्नलच्या बूट पॅरामीटरमध्ये 'केव्हीएम.एनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड=०' द्या, म्हणजे जुनी वागणूक परत येते. एकदाच करून बघायचं तर 'मॉडप्रोब -आर केव्हीएम_इंटेल', एएमडी असेल तर केव्हीएम_एएमडी. केव्हीएमवर दुसरं व्हीएम चालू असताना ते निघणार नाही.

हेच जर लिनक्सवाल्यांना वारंवार नडणार असेल तर तिथे केव्हीएमवर चालणारा लिबव्हर्ट प्रोव्हायडर वापरणं जास्त सरळ आहे. केव्हीएम कर्नलमध्येच आहे, वेगळं मॉड्यूल बांधावं लागत नाही. फक्त बॉक्सच्या पानावर लिबव्हर्टची प्रत आहे ना ते आधी पाहा.

दुसरी एरर सिक्युअर बूटची. व्हर्च्युअलबॉक्सची मॉड्यूल्स तुमच्या मशीनवर कंपाइल होतात आणि तिथल्याच एका चावीने साइन होतात. ती चावी फर्मवेअरला ओळखीची करून द्यावी लागते. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर 'मॉक मॅनेजमेंट' येतं. तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं की संधी गेली. 'मॉकयूटिल --इम्पोर्ट' ने ती परत मागता येते, चावी उबुंटूवर '/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक' मध्ये असते. हे काम माणसानेच, कीबोर्डवर बसून करायचं असतं. कोणतीही स्क्रिप्ट ते करू शकत नाही आणि करूही नये, तेव्हा रीडमीत त्याचा स्वतंत्र परिच्छेद असू द्या.

ढगाळ_दुपार

मल्टिपास होम आवृत्तीवर चालतं, पण तिथे हायपर-व्ही नसल्याने ते आतून व्हर्च्युअलबॉक्सच वापरतं. म्हणजे कासव काही चुकत नाही. प्रोवर हायपर-व्ही, मॅकवर क्यूएमू, आणि एम२ वर आर्मची इमेज ते स्वतःच उचलतं. लिनक्सवर स्नॅपने येतं. गेस्ट उबुंटूच हवा असेल तर तुमच्या गरजेला ते पुरेसं आहे.

सेटअपचं वर्णन क्लाउड-इनिटच्या (पहिल्या बूटला व्हीएमचा सेटअप करणारं साधन) एका यॅमल फाईलमध्ये लिहायचं आणि लाँच करताना ती द्यायची. आकडे स्वतः द्या, कारण न दिल्यास १ सीपीयू, १ जीबी मेमरी आणि ५ जीबी डिस्क मिळते. पोस्टग्रेस आणि तुमचा कोड त्यात कसाबसा बसतो आणि मग डिस्क भरते. २ सीपीयू, २ जीबी, १५ जीबी द्या. टाइमआउट इथेही ३०० सेकंद आहे. पॅकेजेस उतरायला वेळ लागला तर कमांड 'वेळ संपली' म्हणते, पण व्हीएममध्ये काम चालूच असतं. लोक ते मेलं समजून पुसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. आत जाऊन 'क्लाउड-इनिट स्टेटस --वेट' म्हणा, किंवा टाइमआउटच ९०० द्या.

क्लाउड-इनिटच्या चुका बहुतेक वेळा गप्प असतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. फाईलची पहिली ओळ अक्षरशः '#क्लाउड-कॉन्फिग' हीच लागते. विंडोजच्या जुन्या पॉवरशेल ५.१ मध्ये '>' ने फाईल बनवली तर ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते, आणि यूटीएफ-८ सांगितलं तर सुरुवातीला बीओएम चिकटतो. दोन्हींमध्ये पहिली ओळ क्लाउड-इनिटला ओळखू येत नाही, लॉगमध्ये 'अनहँडल्ड नॉन-मल्टिपार्ट' अशी एक इशाऱ्याची ओळ पडते आणि व्हीएम कोरं करकरीत वर येतं. म्हणून ही फाईल पॉवरशेलमधून तयार करू नका. ती रेपोत ठेवा, गिटअ‍ॅट्रिब्युट्समध्ये तिलाही एलएफ लावा.

दुसरं, क्रम. 'राइट_फाईल्स' हा भाग पॅकेजेस बसण्याच्या आधी चालतो. तिथे एखाद्या फाईलचा मालक 'पोस्टग्रेस' लिहिला तर तो युजर अजून अस्तित्वातच नसतो आणि ती पायरी फसते. त्या फाईलला 'डिफर: ट्रू' द्या, म्हणजे ती पॅकेजेसनंतर लिहिली जाते. 'रनसीएमडी' एका व्हीएमच्या आयुष्यात एकदाच चालतो. फाईल बदलून व्हीएम रीस्टार्ट केलं तर काही होणार नाही. रोज बदलणारं काम अ‍ॅन्सिबलकडेच राहू द्या, क्लाउड-इनिटने फक्त अ‍ॅन्सिबल बसेपर्यंत जमीन तयार करावी. लाँच करण्याआधी 'क्लाउड-इनिट स्कीमा' ने फाईल तपासता येते, आणि काय घडलं ते '/व्हार/लॉग/क्लाउड-इनिट-आउटपुट.लॉग' मध्ये मिळतं.

विंडोजवर मल्टिपासमध्ये फोल्डर माउंट करणं मुळात बंद असतं, 'लोकल.प्रिव्हिलेज्ड-माउंट्स' हे सेटिंग ट्रू करावं लागतं. स्थिर आयपीही सहज मिळत नाही. या दोन कारणांमुळे तुमच्या जागी मी व्हेग्रंट टिकवलं असतं.

सोलापुरी_शेल

मग व्हेग्रंटच ठेवतो: विंडोज आणि एम२ वर व्हीएमवेअर, उबुंटू आणि जुन्या मॅकवर व्हर्च्युअलबॉक्स. शेवटचा प्रश्न. पहिल्या 'अप'ला कधीकधी अ‍ॅप्ट 'लॉक मिळत नाही' म्हणून पडतं, दुसऱ्यांदा चालवलं की ठीक. आणि तिन्ही होस्टवर हे चालतं आहे याची चाचणी आपोआप करता येईल का?

कर्नलकाका

लॉक उबुंटूच्या स्वतःच्या अपडेटने धरलेलं असतं. पहिल्या बूटला अ‍ॅप्ट-डेली आणि अनअटेंडेड-अपग्रेड्स लगेच कामाला लागतात आणि तुमचं प्रोव्हिजनिंग त्याच वेळी पोचतं. जिथे तुम्ही स्वतः अ‍ॅप्ट-गेट चालवता तिथे 'डीपीकेजी::लॉक::टाइमआउट=३००' हा पर्याय द्या, अ‍ॅन्सिबलच्या अ‍ॅप्ट मॉड्यूलमध्ये 'लॉक_टाइमआउट' ३०० करा. 'स्लीप ६०' टाकून गप्प बसवू नका, संथ मशीनवर ते पुन्हा पडेल. सोबत डेबियन_फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह ठेवा, नाहीतर नीडरीस्टार्टचा प्रश्नाचा पडदा उत्तराची वाट पाहत थांबतो. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर अ‍ॅप्ट 'रिलीज फाईल अजून वैध नाही' म्हणालं तर व्हीएमचं घड्याळ मागे पडलंय, टाइमसिंकडी सर्व्हिस रीस्टार्ट करा.

चाचणीचं: गिटहबच्या लिनक्स रनरवर केव्हीएम मिळतं, त्यामुळे एक्स८६ ची पूर्ण चाचणी तिथे होते. त्यांच्या आर्म मॅक रनरवर मात्र व्हीएमच्या आत व्हीएम चालत नाही, तेव्हा मॅकसाठी एखादा खरा लॅपटॉपच लागेल. त्यावर आठवड्यातून एकदा रिकाम्या फोल्डरात नवा क्लोन, 'अप', मग 'प्रोव्हिजन' दुसऱ्यांदा, आणि शेवटी 'डिस्ट्रॉय -एफ' असा क्रॉन लावा. दुसऱ्या प्रोव्हिजनला अ‍ॅन्सिबलने 'चेंज्ड=०' दाखवलं नाही तर ती बिल्ड नापास धरा. जो टास्क प्रत्येक वेळी काहीतरी बदलतो, तोच पुढे कुणाच्या तरी लॅपटॉपवर अर्धवट अडकतो.